महापरसादाची टोपी

गोंदियात डोक्यावर हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक समजतात, हा परगावचा आहे, नाहीतर पुढच्या चौकात पोलीस उभा आहे. अशा गावात देवानंद हेल्मेट घ्यायला निघाला होता. तेही गाडीवर घालायचं नाही. सिनेमातलं. अंतराळात जाणाऱ्या माणसांचं.

"खेळन्यातलं का?" त्याच्या बायकोने, रुख्माने, विचारलं.

"खेळन्यातलं नाही. सिनेमात होतं तसंच्या तसं. फक्त अंतराळात चालत नाही."

"अन् घालनार कोन?"

"महापरसाद."

रुख्मा हसली नाही. तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला. "मंग त्यायलेच सोबत न्या. त्यायले पाहू द्या, निवडू द्या. मागच्यासारखं करू नका." आणि तो गाडीला किक मारतोय तेवढ्यात, "अन् सोताच्या डोस्क्यासाठी काही घेसान का नाही?"

देवानंदने ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्याला चांगलं जमत असे.

महापरसाद म्हणजे मित्र नव्हे. मित्र चहाच्या टपरीवर मिळतात आणि तिथेच हरवतात. आमच्याकडे दोन माणसं नारळ आणि मूठभर तांदूळ एकमेकांच्या ओटीत घालून महापरसाद बदतात, तेव्हा त्यांची घरं एक होतात. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. अरे-तुरे बंद. एकाने दिलं की दुसऱ्याने तोलामोलाचं परत करायचं. आणि आभार मानायचे नाहीत. आपल्याच हाताचे आभार कोण मानतो?

कुडव्यात पंपांच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारा भरून त्या बांधायचं दुकान चालवणारा देवानंद आणि दरेकसाच्या जंगलात बांबू तोडायला जाणारा पुनाराम, यांची गाठ पडायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. गाठ रानडुकरांनी घालून दिली. दोन वर्षांपूर्वी दरेकसाच्या उतारावर डुकरांचा कळप आडवा आला, गाडी घसरली आणि देवानंदचं उघडं डोकं दगडावर आपटलं.

त्या रस्त्याने गाड्या गेल्या. एक थांबली. तिच्यातला माणूस उतरला, त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि परत बसून निघून गेला. कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन लावला तर ती "येऊनच राहिली" होती. बहुतेक अजूनही येऊनच राहिली असेल. पुनाराम डोक्यावर मोळी घेऊन येत होता. त्याने मोळी फेकली, खांद्यावरचा शेला काढून जखमेत कोंबला, देवानंदला पाठीवर घेतलं आणि स्टेशन गाठलं. मेमू लोकलच्या डब्यात खाली बसून, ते डोकं मांडीवर घेऊन, दोन्ही पंजांनी दाबून धरलं. सालेकसा गेलं, आमगाव गेलं, गोंदिया आलं. लोक म्हणत होते, सोड गा, मेला तो. पुनारामने हात काढला नाही.

दवाखान्यातल्या गार्डने त्याच्या पायात चप्पल नाही म्हणून त्याला दारात अडवलं. रुख्माने त्या गार्डला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण ऐकण्यासारखं होतं. मग पुनाराम वॉर्डात राहिला. देवानंद शुद्धीवर आला तेव्हा खाटेजवळ हाच अनोळखी माणूस बसलेला होता आणि रुख्माच्या मोबाईलवर सिनेमा पाहत होता. वॉर्डात नेटवर्क नव्हतं, मोबाईलमध्ये साठवलेला तेवढा एकच सिनेमा होता, हिंदीत बोलणारा इंग्रजी. मग दोघांनी तो किती वेळा पाहिला याचा नेम नाही.

त्या सिनेमात दोन अंतराळवीर असतात. एकाच्या टोपीची काच तडकते, हवा जायला लागते. दुसरा त्या तड्यावर पंजा दाबून धरतो आणि यान येईपर्यंत सोडत नाही. तो भाग आला की पुनाराम मोबाईल डोळ्यांजवळ न्यायचा. एकदा म्हणाला होता, "असी टोपी एकदा हातात धरून पाहाची हाय."

दोन वर्षांत त्या माणसाने मागितलेली ही एकच गोष्ट. तीही त्याने मागितली नव्हती, नुसती बोलला होता.

महापरसाद बदल्यावर पहिल्या दिवाळीला देवानंदने त्याला नवा मोबाईल दिला होता. रुख्मा म्हणते ते "मागचं" हेच. आठ दिवसांनी पुनाराम कुडव्यात हजर, दोरीला बांधलेला बोकड घेऊन. त्याच्या बायकोने, सत्यभामाने, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. तोलामोलाचं परत करायचं म्हणजे करायचं. बोकड अंगणात रात्रभर ओरडत होता आणि देवानंदच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्याला समजलं होतं, आपण दिलं नाही, घेतलंच.

म्हणून या वेळी त्याला भीती होती. टोपी द्यायची होती, पण पुनारामच्या घरातली एक शेळीसुद्धा हलता कामा नये.

स्टेशनबाहेर भेट झाली.

"जय सेवा, महापरसाद," देवानंद म्हणाला.

"राम राम, महापरसाद," पुनाराम म्हणाला. दोघे नेहमी एकमेकांच्या घरचा नमस्कार करत; जय सेवा पुनारामकडचा, राम राम देवानंदकडचा. पुनारामची नजर देवानंदच्या उघड्या डोक्यावर गेली आणि नेहमीसारखी काही न बोलता खाली आली. "कायले बोलावलं? मोटारबिटार उचलाची हाय का?"

"चला तं खरं."

टिंकूचं गिफ्टचं दुकान बाजारात, जिन्याने वर. खाली मोबाईलची कव्हरं, वर टिंकूचा खरा जीव. काचेच्या कपाटात तीन हेल्मेटं बसली होती. पुनाराम दारातच थबकला.

"महापरसाद," तो हळू आवाजात म्हणाला, "हे तं आपल्या सिनेमातलं हाय."

"आपल्याच सिनेमातलं. निवडा तुमी."

टिंकूने पुनारामच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे. "चाचा, हाथ मत लगाना. कलेक्टर आयटम है."

"कोन्त्या कलेक्टरचं?" पुनारामने विचारलं.

देवानंदचं डोकं तापलं. "ए टिंकू. हात लावतीन. उचलतीन. घालून बी पाहतीन. घेनारे हायत ते. काढ तिन्ही बाहेर."

टिंकूने काढली. पहिलं काळं, डोळ्यांत लाल दिवे; बटण दाबलं की आत बोलणाऱ्याचा आवाज राक्षसासारखा येई. पुनारामने घातलं आणि म्हणाला, "रुख्माबाई, चहा ठेवा." दुकान हादरलं. टिंकूसुद्धा हसला. दुसरं पांढरंशुभ्र, सोनेरी काचेचं. आणि तिसरं राखाडी, चेपलेलं, रंग उडालेलं, काचेवर आरपार तडा.

पुनाराम खाली बसला, तिन्ही समोर घेतली आणि बोटाच्या पेराने एकेक ठोकायला लागला. कान लावून.

"चाचा, तरबूज नहीं है," टिंकू म्हणाला.

टरबूज नव्हे, तुंबा. जंगलात पाणी न्यायला वाळका भोपळा लागतो, आणि तो असाच ठोकून निवडतात. कच्चा असला की आवाज बसका येतो आणि दोन महिन्यांत फुटतो. हे हेल्मेटाला लागू पडतं की नाही ते देव जाणे. पण माणूस आपल्याला येतं त्याच रीतीने निवडणार.

"हे काळं पोकळ हाय. नुसतं बोलते. हे पांढरं कच्चं." तिसऱ्यावर त्याने दोनदा ठोकलं. "हे पिकलं हाय."

मग त्याने ते फिरवून पाहिलं. तड्यावर काळपट पंजाचा ठसा होता, सिनेमात असतो तसा. पुनारामने आपला उजवा पंजा त्या ठशावर ठेवला. बोटं बोटांवर. ठसा त्याच्या पंजापेक्षा लहान होता.

देवानंदने तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेरच्या विजेच्या तारा पाहायला लागला. मोटार बांधणाऱ्याला तारा पाहायचं निमित्त कधीही चालतं.

"हेच घेऊ," पुनाराम म्हणाला. मग देवानंदच्या कानाशी लागून, "फुटकं हाय. कमीत देल."

कुजबूज टिंकूने ऐकली. "कमी में? चाचा, यही सबसे महंगा है! ये दरार, ये खरोंच, सब हाथ से बनाया है. एक ही पीस आया गोंदिया में."

पुनारामने आधी टिंकूकडे पाहिलं, मग तड्याकडे. फोडलेल्या वस्तूचे जास्त पैसे घेणारे लोक जगात असतात, ही बातमी त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग त्याने ते दोन्ही हातांनी अलगद काउंटरवर ठेवलं.

"चला महापरसाद. पाहून झालं."

आणि जिना उतरायला लागला.

देवानंदने त्याला अर्ध्या जिन्यात गाठलं. "काऊन चालले? आवडलं ना तुमाले?"

"आवडलं. पन मी परत काय करू? सत्यभामापासी आता एकच शेळी हाय. तेबी गाभन."

"शेळी राहू द्या ना तिथंच!"

"राहू कसी देऊ? घ्याचं अन् द्याचं नाही, असं आमच्यात चालत नाही. तुमच्यात चालत असल."

हे देवानंदला लागलं. पुनारामला लागावं म्हणूनच बोलायचं होतं. वरून खाली येणारी दोन गिऱ्हाइकं या दोघांना ओलांडून गेली. देवानंदने पुनारामचा हात धरला, ओढला आणि आपल्या डोक्यावर, केसांखालच्या त्या लांब खाचेवर ठेवला.

"हे काय हाय?"

पुनारामची बोटं खाचेवर थांबली.

"मेमूत हे दाबून कोन बसलं होतं? लोक सोड म्हणत होते तं सोडलं का? महापरसाद बदाच्या आधीचं हाय म्हणून ते मोजाचं नाही का? पह्यले तुमी देल्लं, महापरसाद. मी अजून परतच करून राहिलो. मोबाईल देल्ला तेबी परतीतलाच होता, अन् तुमी बोकड आनून पुन्हा माह्यावर चढवलं. तुमची बारी आलीच नाही अजून. येनारबी नाही. मी मरेपर्यंत देत राहिलो तरी येनार नाही."

त्याचा आवाज चढला होता. आभार मानायचे नाहीत असा नियम होता, म्हणून तो भांडत होता. दुसरा मार्गच नव्हता.

पुनारामचा पंजा त्या खाचेवर तसाच होता. त्याने ती अंगठ्याने एकदा चाचपली. मग म्हणाला, "म्हंजे डोस्क्याच्या बदल्यात टोपी."

"हो."

"म्हंजे हे डोस्कं थोडं माह्यंबी हाय."

"हायच."

"मंग त्याच्यावर काऊन काही नाही?"

देवानंद जिन्याच्या पायरीकडे पाहायला लागला.

"दोन सालापासून पाहून राहिलो. उघडंच फिरते. तुमचं असतं तं बोललो नसतो. आता माह्यं हाय म्हणता, म्हणून विचारून राहिलो."

"टाके दाबते," देवानंद पुटपुटला.

"टाके निघून दोन साल झाले."

"घातलं का असं वाटते, कोनी डोस्कं दाबून राहिलं. जीव घाबरते."

पुनारामने हात काढून घेतला. "वरची टोपी घेतो मी. पन आधी खाली चला."

स्टेशनच्या रस्त्यावर एक माणूस ताडपत्रीवर गाडीची हेल्मेटं मांडून बसतो. पुनाराम त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक ठोकायला लागला. विकणाऱ्याने आधी शिवी आवरली, मग गंमत पाहायला लागला. शेवटी पुनारामने एक साधं काळं उचललं. "हे पिकलं." सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढून त्याने स्वतः दिले. देवानंदचा हात आपल्या खिशाकडे गेला तेव्हा पुनारामने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हात तिथेच थांबला.

मग भर रस्त्यात त्याने ते देवानंदच्या डोक्यात बसवलं आणि हनुवटीखालचा पट्टा कसला.

आत अंधारलं. बाजाराचा आवाज लांब गेला. कानांवरून, कपाळावरून, खाचेवरून चारही बाजूंनी दाब आला आणि देवानंदचा श्वास नेहमीसारखा अडला. तो पट्टा सोडायला गेला. तेवढ्यात पुनारामने दोन्ही पंजे बाहेरून हेल्मेटाला लावले आणि विचारलं, "बराबर बसलं का?"

तो दाब त्याने ओळखला. शुद्ध नव्हती तरी डोक्याला आठवत होतं. मेमूच्या फरशीवर, सालेकसा, आमगाव, हाच दाब होता. दोन वर्षं ज्याला भीत होता, त्यानेच त्याला घरी आणलं होतं.

"बसलं," तो आतून म्हणाला. काळी काच खाली असल्यामुळे त्याचे डोळे कोणाला दिसले नाहीत. हेल्मेटाचा हाही एक उपयोग असतो.

मग वर जाऊन राखाडी टोपी घेतली. टिंकूने चार वेळा बजावलं, "सिर्फ शो का है, गाड़ी पे मत पहनना चाचा." मग स्वतःहून एक मऊ कापड दिलं, पुसायला, आणि "चाचा, एक फोटो?" असंही विचारलं. पुनाराम म्हणाला, "हात लावू नोको, कलेक्टरचं हाय." टिंकू ओशाळला, आणि ते बरंच झालं.

स्टेशनपर्यंत दोघे चालत गेले. एक काळं हेल्मेट, एक अंतराळातलं. गोंदियाच्या बाजाराने पुष्कळ पाहिलंय, पण पानठेल्यावरचा माणूस चुना लावायचा विसरला. चौकातल्या पोलिसाने सवयीने शिट्टी तोंडात घातली, दोघांकडे पाहिलं आणि काढून खिशात ठेवली. पायी चालणाऱ्याला हेल्मेट घातलं म्हणून दंड करायचा नियम अजून निघालेला नाही.

मेमूत गर्दी होती. पुनाराम टोपी घालूनच चढला, तर लोकांनी सरकून खिडकी दिली. दोन वर्षांपूर्वी याच गाडीत त्याला कोणी बूड टेकायला जागा दिली नव्हती. काचेवर तडा, तड्यावर पंजा. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला.

"राम राम, महापरसाद."

"जय सेवा, महापरसाद."

कुडव्याला घरी आल्यावर देवानंदने गाडी अंगणात लावली, पण पट्टा सोडला नाही. तसाच दारात उभा राहिला. रुख्मा बाहेर आली, त्याच्याकडे पाहतच राहिली.

"टोपी घेतली का त्यायनं?"

"घेतली."

"अन् हे कोनं घेऊन देल्लं?"

"महापरसादानं. तुंब्यासारखं ठोकून निवडलं."

रुख्माने पदराला हात पुसले, पुढे आली आणि बोटाच्या पेराने हेल्मेटावर दोनदा ठोकलं. कान लावून ऐकलं.

"पिकलं हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.