आईनं निवडलेलं लिनक्स

ऑफिसातले दीडशे संगणक पिंट्या एकहाती सांभाळायचा. चाळिशी उलटली, केस विरळ झाले, तरी घरात त्याचं नाव पिंट्याच राहिलं. घरातल्या यंत्रांबाबत मात्र त्याचाच शब्द शेवटचा. कुणाला काय हवंय, हे विचारायची त्याला सवयच नव्हती!

त्याची आई निवृत्त नर्स. रोज दुपारी खिडकी लावून, पंखा बंद करून ती लॅपटॉपसमोर बसायची आणि अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. एके दिवशी लॅपटॉपवर सूचना आली : या यंत्राला यापुढे नवी सिस्टिम मिळणार नाही.

"भंगारात देऊ. नवा घेऊ," पिंट्या म्हणाला.

"अरे, धडधाकट आहे की! टाकायचा कशाला?" आईचा जीव तुटला.

मग पिंट्यानंच तोड काढली. लिनक्स! सगळ्यांना खुली, फुकट आणि जुन्या लॅपटॉपवरही सुरेख चालणारी सिस्टिम. आईच्या फायली जपून ठेवून त्यानं आपल्या आवडीचं लिनक्स घातलं. काळा पडदा, मुंगीएवढी अक्षरं.

आठ दिवस आईनं लॅपटॉप उघडलाच नाही.

"या वयात नाही जमायचं तिला," तो बायकोला म्हणाला.

बायको ग्रंथपाल. ती म्हणाली, "वाचक आला की मी माझ्याच आवडीचं पुस्तक त्याच्या हातात कोंबलं आणि त्यानं ते वाचलं नाही, तर तो अडाणी का?"

"तसं नाही गं…"

"तसंच आहे! लिनक्सचे किती प्रकार आहेत, हे जगाला कौतुकानं सांगतोस. त्यातला एक तरी आईंना दाखवलास? सिस्टिम खुली, आणि दिलीस ती लादून!"

पिंट्या चांगलाच वरमला.

रविवारी त्यानं आईपुढे तीन पेनड्राइव्ह ठेवले. "आई, हे तीन प्रकार. आत काही न बसवता नुसते चालवून बघता येतात. तूच ठरव."

पहिला आईला भपकेबाज वाटला. दुसऱ्यावर तिनं दोन ओळी रेकॉर्ड करून ऐकल्या, नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यावर मात्र ती तासभर रमली.

"हा घाल."

"हा? अगं, किती जुनाट दिसतो!"

"दिसण्याचं काय घेऊन बसलास? हा पडद्यावरचं वाचून दाखवतो. माझी पुस्तकं ऐकणाऱ्या एक शिक्षिका आहेत. नजर गेल्यापासून लिहिणं सुटलंय त्यांचं. आधी मी डोळे मिटून शिकते, मग त्यांना शिकवते. त्यांच्या लॅपटॉपवर घालून देशील?"

पिंट्याला भरून आलं. दीडशे संगणक सांभाळणाऱ्याला हे कधी सुचलंच नव्हतं!

"देईन," तो म्हणाला, "पण आधी त्यांना विचारून."

मंडळी, घरातल्या मोठ्या माणसांना आपण हौसेनं वस्तू आणून देतो, निवड मात्र आपल्याकडेच ठेवतो. माया खरी असली, तरी न विचारता दिलेलं शेवटी लादलेलंच असतं. चार पर्याय त्यांच्यापुढे ठेवावेत आणि जरा धीर धरावा. आपल्याला जमणार नाही इतकं चांगलं त्यांना निवडता येतं!