दोन तलावांची एक ओळ

ग्रामपंचायतीच्या खोलीत सारे दिव्या या मुलीभोवती जमले होते. पंखा एकच अर्धवट विधान पुन्हा पुन्हा करीत होता. तिने लॅपटॉपकडे पाहिले. तलावाची मातीची पाळ फुटली त्याच्या आदल्या दिवशीचा रकाना कोरा होता.

"आला का नाही आला, येवढंच सांग," सरपंच छोटेलाल दाराकडे बोट करून म्हणाले. "खालचे सारे धानाचे रोवणे वाहून गेले. हा म्हणते, मॅसेज धाडलो होतो. फोनात त धाडलेलं काहीच उरत नाही म्हणे."

दाराशी उकिडवा बसलेला हेमराज दिव्याकडेच पाहत होता. देवरीकडच्या या गावातले दोन्ही तलाव त्याच्या कोहळी जातीच्या पूर्वजांनी खोदलेले. संदेश सापडला नाही तर आज त्यांची राखण त्याच्या हातून जाणार होती.

राखणदारांचे संदेश वाचून रकान्यांत मांडणारा प्रोग्राम दिव्याचा. एक ओळ, एक तलाव, एक आकडा. त्यापलीकडचे त्याला कळत नसे. हेमराज मात्र थोरला आणि धाकटा तलाव एकाच ओळीत कळवी. थोरल्याचे पाणी धाकट्यात उतरते. ते वेगवेगळे सांगायचे असते, हे त्याच्या घराण्यात कोणाला सुचलेच नव्हते. अशा प्रत्येक ओळीला प्रोग्राम लाल इशारा देई. वैतागून तिनेच एकदा त्याला बजावले होते: न जुळणारी ओळ मुकाट्याने सोडून दे.

तिने सर्व्हरची मूळ लॉग फाइल उघडली. तारीख, वेळ, नाव. आणि पुढे, गाळात डोळे उघडे ठेवून पडलेले ते वाक्य: 'थोरला भरला, धाकट्याची पाळ झिरपून राहिली, लवकर या.'

तिने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

"आला होता. माझ्या प्रोग्रामनं टाकून दिला. मीच तसं सांगितलं होतं त्याला."

छोटेलालांनी ओळ दोनदा वाचली. "म्हणजे ठरल्या नमुन्यात नव्हताच! काऊन गा हेमराज, दोन ओळी लिहाले बोटं झिजत होते का तुये?"

कोणीतरी हसले.

"चूक त्यांची नाही, सरपंचजी," दिव्या म्हणाली.

"बरं बरं, राहू दे त्याले कामावर. पण उद्यापासून नमुन्यात, समझा?"

दिव्या दाराशी गेली. "काकाजी, मी प्रोग्राम बदलवते. तुम्ही लिहत होते तसंच लिहा. लिहाल ना?"

हेमराज उठला. रात्रीच्या राखणीची हातबॅटरी त्याने आत जाऊन तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवली आणि तलावांकडे पाठ करून घराच्या वाटेला लागला.