फुंकर मारलेला रंग

त्या सकाळी गोदीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सहा महिने पाण्यात बुडवून ठेवलेल्या दोन फळ्या दोरीनं वर आल्या. बिनरंगाच्या एकीवर शिंपल्यांचा जाडजूड थर. दुसरी, फुंकरबाबांच्या रंगाची, कोरी करकरीत. लोकांनी हात जोडले.

"जहाजाच्या तळाचे बाकीचे रंग म्हणजे जहर!" बाबा गरजले. "आमच्या एका फुंकरीनं जहर जातं, शक्ती उरते. या रंगापुढं तोंड झाकणं म्हणजे आमच्या श्वासावर अविश्वास!" आणि चहा गार करावा तशी त्यांनी पिंपात फुंकर मारली.

गर्दीच्या मागं रंगकोठी सांभाळणारी ताई उभी होती, हातात पिशवी घट्ट धरून. वर्षापूर्वी बाबांनी पहिली फुंकर मारली तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. त्याच दिवशी तिनं रंगाऱ्यांचे सगळे मास्क गोळा करून कपाटात कुलूपबंद केले. हा रंग मारणाऱ्या, घासणाऱ्या माणसांत तिचा धाकटा भाऊही होता. काही महिन्यांत तो म्हणाला, "ताई, घसा जळतोय गं."

"तुझी श्रद्धा कमी पडतेय," ती म्हणाली होती.

पुढं तो खाटेवर बसूनच झोपू लागला, आडवं झालं की श्वास पुरेना. डॉक्टरांनी विचारलं, रंगात काय होतं? ताईला सांगता येईना. भावजय शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "ताई, रंग बिनविषारी, तर मग शिंपले का बसत नाहीत? एक तर ते मरत असतील, नाहीतर घसरत असतील. बघूया तरी."

तिनं दोन बरण्यांत समुद्राचं पाणी आणि तीन-तीन गोगलगायी घेतल्या. एकीत बाबांच्या रंगाची खपली टाकली, दुसरीत विष न घालता बनवलेल्या नव्या निसरड्या रंगाची. तिसऱ्या दिवशी पहिल्या बरणीतल्या तिन्ही मेल्या. दुसरीतल्या ठणठणीत होत्या. फक्त खपलीवर एकीलाही पाय रोवता येत नव्हता.

भाऊ खाटेवरून बघत होता. "आमच्यासारख्याच," तो थांबत थांबत म्हणाला, "बिनमास्कच्या." हसायला गेला आणि खोकल्यानं वाकला.

ताई उठून रंगकोठीत गेली. पिंपावरचा भगवा कागद तिनं नखानं फाडला. खाली धोक्याचं कवटीचं चित्र आणि बंदीचा शिक्का होता. बंदी घातलेला, भंगारातला जुना विषारी रंग. वास लपवायला वर गुलाबाचं अत्तर. वर्षभर ती पिंपं तिच्या डोळ्यांसमोर होती. कागद फाडायला एक नख पुरलं असतं.

आठवड्यानं भाऊ गेला. आज बारावा दिवस.

गर्दीतून वाट काढत ताई पुढं आली. पिशवीतून तिनं दोन्ही बरण्या काढल्या, बाबांसमोरच्या पिंपावरचा कागद सगळ्यांदेखत फाडला आणि काय घडलं ते सांगितलं. बाबा क्षणभर गडबडले, मग मोठ्यानं हसले.

"गोगलगायींची श्रद्धा कमी पडली असेल!"

लोकही हसले. ताई हसली नाही.

"मी भावाला हेच म्हणाले होते," ती म्हणाली. "हेच शब्द. त्याचा घसा जळत होता आणि मी त्यालाच दोष दिला. त्याला या रंगानं मारलं, आणि मास्क मी काढून घेतला."

हशा विरला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा रंगारी खोकला, आणि खोकला दाबायला त्यानं तोंडावर हात धरला. बाबांनी आणखी एक फुंकर मारून पाहिली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

ताईनं रंगकोठीतलं कपाट उघडून मास्क वाटायला घेतले. "शिंपल्यांना मारणारा रंग माणसाला सोडत नाही. फुंकरीनं विष जात नाही. विष न घालता टिकणारे रंग माणसांनी बनवलेत, तेच मागा. आणि पिंपात काय आहे ते आधी विचारा. कुणी देवाचं नाव घेतलं तरी विचारा. मी विचारलं नाही."

मास्क वाटून झाले. एक उरला. त्याच्या पट्टीला भावानं मारलेली गाठ होती. ताईला ती सोडवेना.