सहाव्या ओळीतली फुलं

"नातं काय लिहू?" नर्सने विचारलं.

कासिमिरोच्या ऑपरेशनच्या कागदावर सोबतीच्या माणसाचं नाव लागतं. तिथे माझं नाव, नेली, लिहून झालं होतं. कासिमिरोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"फुलवाली," तो म्हणाला.

"ते नातं नाही हो, कासिमिरो बाबा."

"बावीस वर्षं भांडतेय माझ्याशी. बायकोसुद्धा एवढी भांडली नाही. लिहा तुमच्या मनाला येईल ते."

नर्सने 'मैत्रीण' लिहिलं. मला बरं वाटलं, पण ते तोंडावर दाखवायचं माझं वय राहिलेलं नाही.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. उद्या सकाळी सहाला हजर व्हायचं, मध्यरात्रीनंतर पोटात काही नको. पुढून बटणं असलेला शर्ट घालून यायचं. घरी गेल्यावर पाठीशी उशा रचून अर्धं बसूनच झोपायचं, सहा आठवडे हात झोळीत. उजव्या खांद्यातला स्नायुबंध हाडापासून सुटला होता, तो पुन्हा हाडाला शिवून टाकायचा होता. मार्चमध्ये शिडीची पायरी निसटली आणि हा बाबा एका हातावर लोंबकळला, तेव्हाच आत काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला ऐकू आला होता.

"आणि शिडी कधीपासून?" त्याने विचारलं.

"शिडी विसरा. सहा महिने तर नावच काढू नका. नंतरही, तुमच्या वयाला... मी तुमच्या जागी असते तर चढले नसते."

"मग मी करू काय?"

"आराम करा, बाबा. खूप कष्ट केलेत."

परतीच्या बसमध्ये तो दुखरा खांदा चोळत बसला. मी खिडकीतून लिमा शहराचं करडं आभाळ बघत बसले.

आमच्या दफनभूमीत मेलेली माणसं भिंतीत झोपतात, एकावर एक सहा ओळींत. ज्यांचा हात पोहोचत नाही ते शिडीवाल्याला हाक मारतात. कासिमिरोने एकतीस वर्षं लोकांची फुलं वर पोहोचवली, त्याच उजव्या खांद्यावर शिडी वाहून. वरच्या ओळीतला कोनाडा स्वस्त मिळतो, म्हणून एमेरिता गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी सहाव्या ओळीतला घेतला. "एवढ्या उंच?" मी म्हटलं होतं. तर ऐटीत म्हणाला, "साऱ्या गावाला पोहोचवतो, बायकोपर्यंत पोहोचणार नाही होय?" तेव्हापासून नऊ वर्षं त्याने एकही सोमवार चुकवला नाही. दर सोमवारी पांढरी शेवंती आणि ताजं पाणी. मार्चनंतर गिऱ्हाईक सगळं दुसऱ्या शिडीवाल्याकडे, विल्मेरकडे गेलं, पण सोमवारी हा एका हाताने का होईना, चढायचाच.

फाटकापाशी विल्मेर शिडीला टेकून उभा होता. दोन पोरांचा बाप, पण तोंड अजून उनाड.

"काय उस्ताद, उद्या शिवणार ना तुम्हाला? चांगला जाड दोरा लावायला सांगा!" मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "एमेरिताबाईंची काळजी सोडा. दर सोमवारी फुलं मी चढवीन. देवाशपथ."

"तुझी देवाशपथ मला माहीत आहे," कासिमिरो म्हणाला. "मीच शिकवलीय तुला."

विल्मेर बूट बघायला लागला. मीही माझ्या बादल्यांशी उगाच खुडबुड केली. घरची माणसं फाटकाबाहेर पडली की शिडी पुन्हा भिंतीला लागते, ताजी फुलं खाली येतात आणि परत माझ्याच बादलीत येऊन पडतात. मी ती विकलेली आहेत. आता खोटं कशाला बोलू?

"शेवंती बांधू?" मी विचारलं. सोमवार नव्हता, पण उद्याचं कुणी सांगावं.

"मागची दे."

"मागची कुठली?"

"प्लॅस्टिकची."

मी शेवंतीकडे गेलेला हात मागे घेतला. एमेरिता माझ्याच शेजारी बसून शेवंती विकायची. कुणी प्लॅस्टिकचा गुच्छ घेऊन आत जाताना दिसला, की ती मला कोपराने ढोसायची. "बघ, यांना परत यायचं नाहीये." मी असला माल ठेवायला लागले तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आणि तिचं ते वाक्य हा एकतीस वर्षं वरून खाली ओरडून लोकांना ऐकवत आला होता.

"कासिमिरो, ती चिडेल रे."

"चिडू दे. हे कुणी खाली काढत नाही."

मी मागे वाकले. सगळ्यात कमी धूळ बसलेला गुच्छ शोधून माझ्या ॲप्रनला पुसला आणि दिला.

विल्मेरची शिडी त्याने डाव्या खांद्यावर घेतली. ती त्या खांद्यावर नीट बसेना, तरी कुणाला हात लावू दिला नाही. भिंतीशी आल्यावर उजवा हात त्याने पट्ट्यात खोचला, गुच्छ दातांत धरला आणि चढला. मी खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. माझे ओठ आपोआप प्रार्थना पुटपुटत होते, त्याच्यासाठी की तिच्यासाठी, कोण जाणे.

वर पोहोचल्यावर त्याने आधी बाहीने कोनाड्याची काच पुसली. सुकलेली शेवंती एकेक करून खाली टाकली. प्लॅस्टिकची फुलं फुलदाणीत घातली, थोडी फिरवली, एक देठ वाकवून पुढे आणला. मला वाटलं, झालं, उतरेल आता. पण त्याने खिशातून पाण्याची बाटली काढली आणि दातांनी तिचं झाकण उघडलं.

"अरे, प्लॅस्टिकला पाणी कशाला?"

"तू गप शिडी धर."

मी गप शिडी धरली. तो ओतत राहिला. फुलदाणी काठोकाठ भरली, पाणी काचेवरून ओघळलं आणि खालच्या पाच ओळी उतरून माझ्या हातापर्यंत आलं.