सात उपड्या कुंड्या

कुंडीवाल्या काकू उन्हाळ्यात गेल्या आणि सोसायटीचं पत्रक माझ्या गळ्यात पडलं. वर्षाला चार अंक, प्रत्येकी दोन पानं, घरोघरी दाराच्या फटीतून आत सरकवायची. पहिलं पान बातम्यांचं: लिफ्ट कधी दुरुस्त होणार, पाणी किती वाजता येणार, कोणाचं पार्सल कोणाकडे पडून आहे. दुसरं पान बागेचं. बारा वर्षं दोन्ही पानं काकूच लिहायच्या.

"तुम्ही शिकलेल्या आहात, घरीच असता. ठराव करून टाकू?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना सगळे ठरावकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा. 'घरीच असता'वर मी काहीतरी बोलणार होते, तोवर ठराव झालासुद्धा.

घरी मी असते ती ठकूमुळे. ठकू आमची मुलगी, साडेतीन वर्षांची. तिला पाचपर्यंत मोजता येतं. पाचनंतर ती थेट नऊवर उडी मारते आणि मधले आकडे कुठे गेले विचारलं की म्हणते, "झोपलेत." मी टेबलांच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलंय, खिडकीच्या गजांमधलं अंतर टेपने मोजलंय. नवरा म्हणतो, "ठकूला वारं लागलं तरी ही आधी त्याला विचारते, कुठून आलास, कोणाकोणाला शिवून आलास."

काकूंची पद्धत सोपी होती. मागच्या वर्षीचा त्याच ऋतूचा अंक उघडायचा, शिळं ते खोडायचं, ताजं ते घालायचं. त्यांच्या मुलाने जाताना फाइली माझ्या हवाली केल्या, तळमजल्यावरच्या घराला कुलूप लावलं आणि तो गेला. मी पानगळीचा अंक उघडला.

"पानं गळली म्हणजे झाड मेलं असं समजून पाणी ओतत बसू नये. झाड झोपतंय. झोपलेल्याला उठवून कोणी पाणी पाजतं का?"

"कंद लावताना टोक वर. टोक कोणतं ते कळत नसेल तर आडवा लावा. त्याचं त्याला कळतं."

वाचताना त्यांचा आवाज ऐकू येत होता, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. मी बरंचसं तसंच ठेवलं. शेवटच्या दोन ओळींवर मात्र अडले.

"मागच्या अंगणातली पानं रोज झाडावीत. तिथे मी उपड्या ठेवलेल्या सात कुंड्या कोणीही हलवू नयेत."

पानं झाडू नयेत, जमिनीला त्यांचं पांघरूण राहू द्यावं, हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. ती ओळ मी बदलली. आणि कुंड्या? माणूस गेलं, आता त्याच्या रिकाम्या कुंड्यांची राखण कशाला? मी खाली जाऊन बघून आले. भिंतीपासून थोड्या अंतरावर सात मातीच्या कुंड्या गोल करून पालथ्या घातलेल्या. मधे साधं गवत. मी लिहिलं, "ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात."

पहिली कुंडी मीच नेली. पुदिना लावला तिच्यात. बाकीच्या सहा दोन दिवसांत गेल्या.

त्यानंतर पानगळ जोरात सुरू झाली. माळीदादा खूश होते. "तुमच्या अंकाने माझी कंबर वाचवली, ताई," म्हणाले. आठवड्याभरात मागचं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत घोट्याएवढ्या पानांनी भरलं. कुठे गवत, कुठे वाट, काही कळेना. सुंदर दिसायचं. तरी संध्याकाळी तिकडे बघताना मला उगीच काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. गॅस चालू राहिला की काय, तसं.

काकूंच्या बंद घराच्या बाल्कनीत चौदा कुंड्या तशाच होत्या. एकदा जिना उतरताना लक्ष गेलं. त्या सगळ्या हिरव्यागार, माती काळी, ओली.

"दादा, काकूंच्या झाडांना तुम्ही पाणी घालता ना? बरं करता," मी म्हटलं.

माळीदादांनी झारी खाली ठेवली. "मी समजत होतो तुम्ही घालता."

किल्ली फक्त मुलाकडे, आणि मुलगा दोन हजार मैलांवर. "पाइप फुटला असेल आतला," नवरा म्हणाला. मी पत्रकाच्या वहीत लिहून ठेवलं: पाइप तपासणे. लिहून ठेवलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

ठकूला विचारलं, तर ती म्हणाली, "काकू घालते." मुलं असं बोलतात, मला माहीत आहे. वसंतात ठकू रोज काकूंकडे असायची. त्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि ही त्या कुंड्यांभोवती पळायची. मी खिडकीतून बघायचे. गोलाच्या आत ती पाय टाकायची नाही. खेळाचा नियम असेल, मी समजले.

चौथ्या मजल्यावरच्या आजींनी अडवलं तो रविवार होता. "तुझ्या अंकात कंद लावायची तारीख नाही. काकू न चुकता द्यायच्या. जुने अंक बघ की, ऑफिसात खोकं आहे." आता आजींना तारीख नाही दिली तर त्या मला वर्षभर जिन्यात धरणार. दुपारी मी ऑफिसात गेले. ठकूला नवऱ्याने खाली नेलं होतं, मागच्या अंगणात.

खोक्यात काकूंच्या स्वतःच्या प्रती होत्या, तारखेवार बांधलेल्या. कंदांची तारीख पहिल्याच गठ्ठ्यात सापडली. तिथेच उठले असते. पण सगळ्यात तळाचा, पहिल्या वर्षीचा पानगळीचा अंक हाताला लागला आणि तो जुन्या छपाईचा, पिवळा, म्हणून उघडून बघितला.

"मागच्या अंगणात भिंतीपासून बारा पावलांवर जमिनीखालची जुनी टाकी आहे. झाकण लोखंडी, गंजलेलं, वर माती व गवत. त्यावर पाय ठेवू नये. पानगळीत झाकणाची जागा दिसत नाही, म्हणून पानं रोज झाडावीत."

खाली पेन्सिलने, काकूंच्या बारीक अक्षरात: "हे छापलं आणि दुसऱ्याच दिवशी चार पोरं टाकी बघायला गेली. झाकणावर उड्या मारून आली. पुढल्या वर्षीपासून कारण लिहायचं नाही. फक्त कुंड्या. सेक्रेटरींना तीनदा सांगितलं. ठराव झाला."

मी उठले. खुर्ची पडली ती ऐकू आली, उचलली नाही. ऑफिस पुढच्या बाजूला, अंगण मागे. मधे पार्किंग, सायकली, पाण्याचा पंप. मी आयुष्यात इतकी धावले नव्हते आणि तरी माझं डोकं शांतपणे मोजत होतं: तिचं वजन तेरा किलो, तेरा म्हणजे काहीच नाही, पत्रा धरेल, पत्रा बारा वर्षं आणखी गंजलाय.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा तिचा आवाज आला.

"एक... दोन... तीन..."

नवरा भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता. ठकू पानांतून पळत होती, गोल. अंगण सगळीकडे सारखंच पिवळं, ना खूण ना रेघ, आणि ती मात्र एका ठरलेल्या गोलावरून पळत होती. ठरावीक जागी हात खाली करून कशाला तरी टप्पल मारल्यासारखं करायची आणि आकडा म्हणायची. "चार... पाच." मग गप्प. पाय चालूच. दोन वेळा हात खाली गेला, तोंडातून शब्द नाही. मग पुन्हा "एक."

गोल भिंतीपासून बारा पावलांवर होता. मला मोजायची गरज पडली नाही.

तोंड उघडलं होतं मी हाक मारायला. आणि मिटलं. ती गोलाच्या त्या बाजूला होती, मी या बाजूला. हाक मारली तर ती सरळ माझ्याकडे येणार. ती नेहमी सरळच येते.

मी हाताने नवऱ्याला खूण केली, बोलू नकोस. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि त्याला वाटलं मी हात हलवतेय.

"ठकू, बघ कोण आलं!"

ठकू थांबली. मला पाहिलं, हसली, दोन्ही हात पसरले. उजवा पाय उचलून आत टाकला, पानं चुरचुरली. दुसरा पाय उचलला.

आणि ती थबकली. मान डावीकडे वळवली, वर, बसलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. खालचा ओठ पुढे आला. कोणी तिला रागावलं की येतो तसा. मग तिने पाय मागे घेतला आणि बाहेरून, गोलाच्या कडेकडेने, टपल्या मारत माझ्यापर्यंत आली.

मी तिला उचललं. ती कुरकुरली, "आई, लागतंय."

माळीदादांनी लांब बांबू आणला. मधोमध पानांत खुपसला. आधी मातीचा आवाज, मग पापड मोडावा तसा. बांबू हातभर खाली गेला आणि तुटलेला तुकडा पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज खालून आला, खूप उशिराने. नवरा भिंतीला पाठ लावून खालीच बसला. "मी इथेच होतो गं," तो म्हणाला.

"आपण दोघंही इथेच होतो," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी एक पानी जादा अंक काढला. त्यात सगळं लिहिलं, कारणासकट. काकूंनी कारण लिहिलं तर पोरं बघायला गेली. नाही लिहिलं तर माझ्यासारखी शिकलेली बाई कुंड्या वाटून मोकळी झाली. म्हणून कारणही लिहिलं आणि ठरावकाकांचा फोन नंबरही. लोकांनी त्यांना रात्रीपर्यंत इतके फोन केले की त्यांनी ठराव न करताच गवंडी बोलावला. चूक कोणाची तेही लिहिलं: कुंड्या न्या म्हणणारी मी.

सहा कुंड्या त्या रात्रीच परत आल्या. सातवी माझ्या बाल्कनीत होती. पुदिना उपटला, माती झटकली आणि मी ती स्वतः खाली नेऊन पालथी घातली. कुठे ठेवायची ते ठकूने बोट दाखवून सांगितलं. चुकून वीतभर अलीकडे ठेवली होती, तर तिने ती ढकलून नीट केली. खाली गवतावर जुना गोल डाग निघाला, कुंडीच्या काठाएवढा.

पुढच्या आठवड्यात जाड काँक्रीटचा थर पडला. त्यावरून आता ट्रक गेला तरी चालेल, गवंडी म्हणाला. कुंड्या मी हलवू दिल्या नाहीत. ठरावकाकांनी एकदा विचारलं, "आता कशाला?" मी म्हटलं, "ठराव करा आणि विचारा." ते हसले.

ठकू अजून पळते. आता मी खिडकीत बसत नाही, तिच्या जवळ उभी राहते. ती पाचपर्यंत मोजते, मग गप्प होते, दोन टपल्या मारते, मग "एक." काल मी तिला मदत करावी म्हणून, ती पाचवर आल्यावर, मोठ्याने म्हटलं, "सहा. सात."

ती थांबली आणि माझ्याकडे त्रासून बघितलं.

"आई, तू नको ना म्हणू," ती म्हणाली. "दोघी एकदम बोलता, मग मला ऐकू येत नाही."