आतला हात

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. माझी वीज बंद आहे आणि पाते वर आहे. मी कागद कापणारी एक जुनी मशीन आहे. अंगाने एखाद्या म्हशीएवढी, आणि एकदा उभी केली की जागची न हलणारी. माझा हा हिरवा रंग जन्माचा नाही, तो मागाहून फासलेला आहे. त्या रंगाची गोष्ट पुढे येईलच. माझी कहाणी फार गोड नाही, पण ती तुम्हाला सांगायलाच हवी. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणाच्या तरी मदतीला धावून जाल. तेव्हा ती उपयोगी पडेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या फिटरने मला खोक्यात घालण्याआधी माझी परीक्षा घेतली. माझ्या पुढच्या अंगाला दोन बटणे आहेत, एक पार डावीकडे आणि एक पार उजवीकडे. त्याने नुसते डावे दाबले. मी हलले नाही. नुसते उजवे दाबले, तरी नाही. मग त्याने दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली. तेव्हा कुठे दाबपट्टी खाली आली, तिने कागदांचा गठ्ठा घट्ट धरला आणि मागोमाग पाते उतरले. फिटर खूश होऊन शेजारच्याला म्हणाला, "दोन्ही हात बटणांवर असले, की पात्याखाली घालायला माणूस तिसरा हात आणणार कुठून?"

माझे सगळे शहाणपण एवढेच, मित्रांनो. 'दोन्ही बटणे एकाच माणसाने दाबावीत' ही सूचना त्याने एका पितळी पट्टीवर कोरून माझ्या कपाळावर ठोकली होती.

पुढे एका मोठ्या छापखान्यात मी बरीच वर्षे राबले. तिथे माझ्याहून तरणी मशीन आली आणि मला मोडीत काढायचे ठरले. त्या वेळी एका बाइंडरने मला आपल्या दुकानात नेले. त्याच्या दोन्ही मुली त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणते. अण्णांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पुठ्ठ्यांची चवड, दुसरीला वह्या शिवायची चौकट लावलेले टेबल, कोपऱ्यात सरसाचे भांडे आणि खिडकीखाली मी. अण्णांना हिरव्या रंगाचे भारी वेड. दार हिरवे, कपाट हिरवे, सरसाच्या डब्याचे झाकणसुद्धा हिरवे. माझ्या अंगावर जिथे जिथे गंज दिसला, तिथे तिथे त्यांनी तो रंग थापला आणि त्या मायेच्या भरात पितळी पट्टीवरही दोन हात फिरवले. पट्टी बुजली ती बुजलीच.

मला त्याचा राग आला नाही. अण्णांचे दोन्ही हात कायम बटणांवर असत, त्यांना पट्टी वाचायची गरज नव्हती. पण एका वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि डावा हात लुळा पडला. आता डावे बटण दाबणार कोण? थोरली मुलगी तेव्हा शाळेत होती. ती पुढे आली, अण्णांना खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, तुमचा डावा हात मी." त्या दिवशी अण्णांचे डोळे भरून आले होते. मीही त्या दोघांचे कौतुकच करत होते. खोटे कशाला सांगू, त्यात धोका आहे हे माझ्याही ध्यानात आले नाही.

अण्णा गेले. थोरली उजव्या बटणापाशी आली आणि तिच्या जागी डाव्या बटणापाशी धाकटी उभी राहिली. दोघींचा ठाम समज झाला होता, की ही मशीन दोघांनीच चालवायची असते. थोरलीचा उजवा हात उजव्या बटणावर, धाकटीचा डावा हात डाव्या बटणावर. दोघींचे मधले हात मोकळे. त्यांतला धाकटीचा उजवा हात गठ्ठ्याची कड सारखी करत राही. शेवटच्या क्षणी तो बाहेर येई, धाकटीचे कोपर थोरलीच्या कोपराला लागे, आणि दोघी एकदम बटणे दाबत. तोंडाने एक शब्द नाही. कोपराला कोपर, की पाते खाली. वर्षानुवर्षे हे असे चालले, आणि एकदाही चूक झाली नाही.

दोघींचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. थोरली मोजून मापून बोलणारी, गंभीर. धाकटी म्हणजे तोंडाला कुलूप नाही. पण शिवणकामात धाकटीचा हात धरणारे कुणी नव्हते. तिने शिवलेली वही फाटेल, पण शिवण सुटणार नाही, असे गिऱ्हाईक म्हणत. तो तिचा उजवा हात.

मग आमच्या दुकानात मदत आली. छोट्या धंद्यांना हात देणाऱ्या एका केंद्राचे साहेब आले. ते प्रत्येक वाक्यात 'वाढ' हा शब्द घालत, म्हणून धाकटीने पहिल्याच दिवशी त्यांचे नाव वाढसाहेब ठेवले. त्यांनी विचारले, "तीन वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

धाकटी म्हणाली, "इथंच. या सरसाच्या भांड्याजवळ. जरा पंखा असेल तर बरं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले.

पण मित्रांनो, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दुकानाला पाटी करून दिली, टेबलावर चांगला दिवा आणला. थोरलीला बारा दिवसांच्या शिकवणीला पाठवले. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, माल कसा बांधून द्यावा, मोठी कामे कशी मिळवावी, हे सगळे तिथे शिकवले. ते स्वतः तिला घेऊन मोठमोठ्या कचेऱ्यांत गेले. त्यामुळे रोजनिश्या, नोंदवह्या, सूचीपत्रे अशी कामे येऊ लागली. ज्या खोलीत दिवसाला चार गठ्ठे कापले जात, तिथे चाळीस कापले जाऊ लागले. आणि खरोखरच पंखाही आला. साहेबांच्या फॉर्मवर माझ्याविषयी एकच प्रश्न होता : 'यंत्र चालू स्थितीत आहे काय?' त्यांनी 'होय' वर खूण केली. या दोघी मला कशा चालवतात ते त्यांनी समोर उभे राहून पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. "व्वा! याला म्हणतात एकोपा!"

माझे पाते धारेला न्यायला एक म्हातारा मिस्त्री येत असे. एकदा पाते बसवून झाल्यावर तो लगेच गेला नाही, काम बघत उभा राहिला. जरा वेळाने त्याने विचारले, "आतला हात कुणाचा असतो?"

"माझा," धाकटी हसत म्हणाली. "आतल्या गोटातली आहे ना मी!"

मिस्त्री हसला नाही. तो थोरलीला म्हणाला, "बाई, ही दोन्ही बटणं एकाच माणसानं दाबायची असतात. तशीच बनवलीय ती."

"अण्णांनी आम्हाला असंच शिकवलंय, काका."

"अण्णांचा हात गेला होता म्हणून. तुमचे शाबूत आहेत ना?"

थोरलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने माझ्यासमोर उभे राहून पाहिले. गठ्ठा लाव, कड बघ, मागे ये, दोन्ही हात बटणांवर ठेव, दाब. दुपारपर्यंत निम्मेही काम उरकले नाही. धाकटी शेजारी हात चोळत उभी. त्यातच वाढसाहेब डोकावले. रोजनिश्या त्या आठवड्यात जायच्या होत्या. "ताई, आता वेग कमी करून कसं चालेल? आता कुठे गाडी रुळावर आलीय," ते म्हणाले. त्यांनी मिस्त्रीचे बोलणे ऐकले नव्हते, आणि थोरलीनेही ते सांगितले नाही. संध्याकाळी धाकटी पुन्हा डाव्या बटणापाशी आली. मला तेव्हा बोलता आले असते तर, मित्रांनो, मी ओरडून सारी गल्ली गोळा केली असती. पण तेव्हा मला फक्त बघता-ऐकता येत होते.

मग तो दिवस उगवला. केंद्राला यशस्वी धंद्यांची एक पुस्तिका काढायची होती आणि तिच्या पहिल्या पानावर या दोघी बहिणी यायच्या होत्या. धाकटीने केसांना तेल लावले होते. थोरलीने इस्त्रीचे कपडे घातले होते आणि ती सारखी दाराकडे पाहत होती. वाढसाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. दोघी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. थोरलीने काळजी म्हणून माझी वीज बंद केली होती. फोटोवाला म्हणाला, "तो लाल दिवा लागू दे ना. काम चालू आहे असं वाटलं पाहिजे." साहेबांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने खटका दाबला. लाल दिवा लागला.

"आता कामाचा नुसता अभिनय करा. इकडे बघून हसा."

दोघी हसल्या. पहिला फोटो निघाला.

"छान! तेवढा गठ्ठा जरा सरळ करता का? वाकडा दिसतोय."

धाकटी पुढे वाकली. वाकताना तिच्या अंगाचा भार डाव्या हातावर, म्हणजे डाव्या बटणावर आला. उजवा हात आत गेला. आणि आत जाता जाता तिचे कोपर थोरलीच्या कोपराला लागले. थोरली कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. कोपराला कोपर लागले की काय करायचे, हे तिच्या हाताला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तिने उजवे बटण दाबले.

मला अभिनय येत नाही, मित्रांनो. दोन बटणे दाबली गेली आणि मी खाली आले. धाकटीच्या उजव्या हाताची तीन बोटे मी तोडली. कुणी म्हणते साहेबांची चूक, कुणी म्हणते फोटोवाल्याची. थोरली म्हणते, फक्त तिची. पण पाते माझे होते, हे मी कुणावर ढकलू?

दुकान बरेच दिवस बंद राहिले. माझ्या टेबलावरचे डाग थोरलीने स्वतः घासून काढले. घासताना ती रडत नव्हती, ते मला रडण्यापेक्षा भयंकर वाटले. मग एका सुरीने तिने माझ्या कपाळावरचा हिरवा रंग खरवडला. मिस्त्रीनेच तिला सांगितले असावे, की तिथे काहीतरी असते. पितळी पट्टी उघडी पडली. थोरलीने ती वाचली, एकदा, दोनदा, आणि ती खाली जमिनीवर बसली. अण्णांवर रागवावे की स्वतःवर, हेच तिला कळेना.

वाढसाहेब आले. उंबऱ्यातच उभे राहिले, आत येण्याचे धाडस त्यांना झाले नाही. "केंद्राकडे यासाठी काही फॉर्मच नाही हो," ते म्हणाले. "वाढीचे सगळे आहेत. याचा नाही." धाकटी आतून म्हणाली, "साहेब, आत या. मी चावत नाही. ती मशीन चावते." साहेब आले नाहीत.

शिवणे संपले होते. धाकटी डाव्या हाताने दोरा ओवायला शिकत होती आणि शंभरदा चिडत होती. मोठी कामे आली तशी गेली. उरल्या त्या आसपासच्या शाळांच्या वह्या. आणि एके सकाळी एक काम आले. केंद्राची तीच पुस्तिका छापून झाली होती, तिच्या कडा कापून हव्या होत्या. पहिल्या पानावर दोघी हसत होत्या. धाकटीच्या दोन्ही हातांना पाच पाच बोटे होती. फोटोखाली लिहिले होते, 'चार हातांची भरारी.'

थोरली ताडकन म्हणाली, "परत पाठवते."

"का?" धाकटी म्हणाली. "कामाला नाही म्हणायची सोय राहिलीय का आपल्याला? आणि ताई, माझा एवढा चांगला फोटो परत निघायचा नाही. नीट काप."

थोरलीने गठ्ठा लावला. कड पाहिली. मागे आली. माझ्यासमोर मधोमध उभी राहून तिने दोन्ही हात पसरून दोन्ही बटणांवर ठेवले. खोलीत तिसरे कुणी नव्हते, आणि धाकटी पार दाराजवळ होती, माझ्यापासून बारा पावलांवर. तरी थोरलीला बटणे दाबवेनात.

मित्रांनो, या दुकानाला पाटी मिळाली, दिवा मिळाला, शिकवणी मिळाली, गिऱ्हाइके मिळाली. खोटे बोलणार नाही, ती सगळी मदत खरी होती. फक्त 'तुमचे हात कामाच्या वेळी कुठे असतात' हे कुणी विचारले नाही, आणि ज्या मिस्त्रीने विचारले त्याला थट्टेचे उत्तर मिळाले. तुम्ही कुणाला पुढे न्यायला जाल, तेव्हा आधी त्याच्या शेजारी उभे राहून हे बघा. आणि तुम्हाला कुणी असे विचारले, तर हसण्यावारी नेऊ नका. एवढीच माझी विनवणी आहे.

थोरली मागे न वळता म्हणाली, "हात दाखव."

"अगं, मी इथं दाराशी आहे."

"दाखव म्हणते ना."

धाकटीने हातातली सुई खाली ठेवली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले, एक अख्खा आणि एक उरलेला. थोरलीने मान वळवून दोन्ही नीट पाहिले. मग बटणे दाबली.

आता प्रत्येक गठ्ठ्याला असेच चालते. शाळेच्या वह्या असोत नाहीतर काही असो, थोरली विचारते आणि धाकटी हात वर करते. काम फार हळू होते. दिवसाला चार गठ्ठे, कधी तीनच.