तुमचाच समजा

घरात संगणक आला तर सगळ्यांत जास्त फायदा इब्तिहालचाच होणार होता. मोसुलच्या विद्यापीठाबाहेर झेरॉक्सच्या दुकानात ती पोरांचे प्रबंध टाइप करायची. दुकानात स्टूल एकच, आणि त्यावर मालक बसायचा. यंत्र घरी आलं की बसायला खुर्ची आणि मालकाचा अर्धा वाटाही तिचाच. नवरा घानिम, त्याला काय, जेवण वेळेवर मिळालं असतं.

"डेस्कटॉप घेऊ," ती म्हणाली. "त्याच पैशात मोठा पडदा येतो. माझे डोळे तरी टिकतील."

"आणि वीज टिकते का, उम्म सिनान? सरकारी गेली, गल्लीतल्या जनरेटरची यायच्या आत तुझं पान गडप. शिवाय फ्रिज, कूलर आणि तो धटिंगण, तिघं मिळून आपली लाइन उडवतील. लॅपटॉपच बरा," घानिम म्हणाला. नवरा-बायको एकमेकांना मुलाच्या नावाने हाका मारत: उम्म सिनान म्हणजे सिनानची आई, अबू सिनान म्हणजे सिनानचे बाबा.

मुद्दा खरा होता. आणि वाद घालायलाही अंगात जोर लागतो. लॅपटॉप आला.

ती जेमतेम महिनाभर खुर्चीत बसली असेल, तोच साब्री मामा आले. घानिमच्या आईचे धाकटे भाऊ. अर्धं आयुष्य स्वीडनमध्ये काढून गावी परतलेले. भात भरलेल्या भाज्यांचा डोल्मा चापून खाल्ला, हात धुतले आणि त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. त्यांनी तो तळहातावर तोलला.

"काय हलका आहे रे! झकास!"

"तुमचाच समजा, मामा," घानिम म्हणाला.

कौतुक झालं की इथे कुणीही हेच म्हणतं. मग पाहुण्याने म्हणायचं, 'धन्याकडेच शोभतो,' वस्तू जागच्या जागी ठेवायची, आणि चहा यायचा. मामा आपलं वाक्य परदेशात विसरून आले होते.

"खरंच?"

"म्हणजे काय! घ्या ना!" घानिम आधीपेक्षा मोठ्याने म्हणाला.

"तिकडे सख्खा शेजारी कांदा देत नाही रे!" मामांचे डोळे भरून आले. "सूनबाई, तुला चालेल ना?"

लॅपटॉपमध्ये एका पोराचा प्रबंध होता, शेवटच्या प्रकरणापर्यंत आलेला. पोराच्या हस्तलिखिताखेरीज त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"मामा, त्यात माझं थोडं काम…"

"काम कुठे पळतंय?" घानिम गालिच्याकडे बघत म्हणाला.

आता दोन मिनिटं थांबा म्हणायचं, म्हणजे देताना हात आखडला असं सगळ्या कुळात व्हायचं. इब्तिहालने मामांच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"आमचं भाग्य, मामा," ती म्हणाली, आणि चार्जरही आणून दिला. नाहीतर त्यासाठी ते पुन्हा आले असते, पुन्हा डोल्मा करावा लागला असता.

मामा गेल्यावर घानिम म्हणाला, "देतील गं परत. कळेल त्यांना."

"सांगणार कोण, अबू सिनान? तुम्ही?"

त्याने मामांना कधीच सांगितलं नाही. मामांना लॅपटॉप मिळाला. घानिमला दिलदार म्हणून नाव मिळालं. लग्नाकार्यांत अजून काढतात. प्रबंध मात्र इब्तिहालने पहिल्या पानापासून पुन्हा टाइप केला, झेरॉक्सच्या दुकानात, उभ्याने. आणि त्याच्या पैशांतले अर्धे मालकाने घेतले.